अंगणातल्या गाडीला रस्त्याचं तिकीट

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसाला गाडीचा मागचा दिवा बंद असल्याबद्दल पोलिसाचं तिकीट (दंडाची चिठ्ठी) मिळालं की ओळखीपाळखीतून दोन सल्ले हमखास येतात. पहिला म्हणजे, वाद कशाला घालतोस, पैसे भर आणि विसरून जा. दुसरा सल्ला गाडी त्या वेळी रस्त्यावर नसून एखाद्या पार्किंग लॉटमध्ये किंवा घरासमोरच्या ड्राइव्हवेवर असेल तर येतो, आणि तो जरा आवाज चढवून दिला जातो: खाजगी जागेत पोलिसाचा संबंधच काय? कोर्टात जा, जज दोन मिनिटांत रद्द करेल.

पहिला सल्ला आळशी आहे. बऱ्याच राज्यांत असं तिकीट पैसे न भरता, किंवा नाममात्र फी देऊन, दिवा दुरुस्त केल्याचा पुरावा दाखवून मिटतं. पैसे भरून मोकळं होणारा माणूस बहुधा गुन्हा कबूल करून मोकळा होतो आणि दिवा तसाच ठेवतो, म्हणजे पुढच्या तिकिटाची सोय करून ठेवतो. दुसरा सल्ला मात्र अर्धा खरा आहे, आणि त्या अर्ध्या भागासाठी भांडायला हवं असं माझं मत आहे. दिवे, आरसे, काचा, सायलेन्सर, नंबरप्लेट ह्यांचे नियम रस्त्यावरच्या माणसांच्या सुरक्षिततेसाठी केलेले आहेत. त्यांची हद्द रस्त्यापाशी संपायला हवी, आणि रस्त्यावर तिकीट दिलंच तर दिवा लागल्याक्षणी ते संपायला हवं. ह्या दोन्ही गोष्टी कायद्याच्या पुस्तकांत बऱ्यापैकी लिहिलेल्या आहेत. व्यवहारात त्या पाळल्या जात नाहीत, कारण तिकीट इतकं छोटं असतं की त्यासाठी कुणी भांडत नाही.

कॅलिफोर्नियाचा व्हेइकल कोड, म्हणजे तिथला वाहनांचा कायदा, उदाहरणाला घेऊ. गाडीच्या साधनांचे सगळे नियम त्याच्या बाराव्या भागात आहेत, आणि त्या भागाच्या सुरुवातीलाच, कलम 24001 मध्ये, म्हटलं आहे की वेगळं काही सांगितलेलं नसेल तर हे नियम गाड्या ‘हायवे’वर असताना लागू होतात. इथे हायवे म्हणजे चार पदरी मोठा रस्ता नव्हे. कलम 360 प्रमाणे सार्वजनिक खर्चाने राखलेला आणि लोकांच्या वाहतुकीला खुला असलेला कोणताही रस्ता हायवेच, अगदी तुमच्या घरासमोरची गल्लीसुद्धा. पण ‘सार्वजनिक खर्चाने राखलेला’ आणि ‘लोकांना खुला’ ह्या दोन्ही अटी एकदम पुऱ्या व्हाव्या लागतात. किराणा दुकानाचा पार्किंग लॉट दुसरी अट पुरी करतो, पहिली नाही. तुमचा ड्राइव्हवे दोन्हींत नापास.

आता ह्याच कोडातली इतर कलमं शेजारी ठेवून वाचा. नोंदणी नसलेली गाडी चालवणं किंवा उभी करणं कलम 4000 ने हायवेवर तर मना केलंच आहे, शिवाय सार्वजनिक पार्किंगच्या जागेतही मना केलं आहे. ते शब्द मुद्दाम घातलेले आहेत. दारू पिऊन चालवण्याबद्दलच्या सबंध प्रकरणाला लागू होणारा नियम, कलम 23100, म्हणतो की हे प्रकरण हायवेवर ‘आणि राज्यात इतरत्रही’ लागू आहे. अपघात करून पळून जाण्याबद्दलचं प्रकरणही तसंच, सगळीकडे लागू. बेदरकारपणे चालवण्याच्या कलमात पार्किंगच्या जागेचा स्वतंत्र उल्लेख आहे. म्हणजे विधिमंडळाला खाजगी जागेत हात घालायचा असतो तेव्हा ते कसं लिहायचं हे त्याला चांगलं ठाऊक असतं. दारुडा ड्रायव्हर स्वतःच्या अंगणातही कुणाचा जीव घेऊ शकतो, म्हणून तिथे कायदा अंगणात शिरतो. बंद दिव्याची गाडी अंगणात उभी राहून कुणाचं काय बिघडवणार? म्हणून तिथे कायदा फाटकापाशी थांबतो. हा फरक विसरून सगळंच एका मापाने मोजणारा पोलीस कायद्याची अंमलबजावणी करत नसतो, त्याची दुरुस्ती करत असतो, आणि ते काम त्याचं नाही.

ह्याहून बोलका नमुना कलम 21107.8 मध्ये आहे. खाजगी मालकीचा पण लोकांना खुला असलेला पार्किंग लॉट शहराने रीतसर ठराव करून कोडाखाली आणता येतो, आणि त्यासाठी प्रवेशापाशी तशी पाटी लावावी लागते. एवढं करूनही तिथे लागू होणारी वाहतुकीची मुख्य कलमं कोणती? रस्त्याची परिस्थिती बघून वेग ठेवण्याचं, बेदरकारपणाचं आणि शर्यती लावण्याचं. दिव्यांचं नाव त्यात नाही. ठराव, पाटी, एवढा सगळा सोपस्कार झाल्यावरही दिवा बाहेरच राहिला.

न्यूयॉर्कमध्येही घडण अशीच आहे. तिथलं कलम 375 राज्यातल्या सार्वजनिक हायवेंवर चालवल्या जाणाऱ्या गाड्यांपासून सुरुवात करतं, तर दारूचं कलम 1192 खाजगी रस्ते आणि पार्किंग लॉट्सपर्यंत जातं. राज्याराज्यांत शब्द बदलतात, हे मान्य. काही ठिकाणी ‘लोकांना खुली असलेली जागा’ म्हणून पार्किंग लॉटही आत ओढलेला असतो. त्यामुळे आपल्या तिकिटावर जो कलमाचा आकडा लिहिलेला असतो तो आधी वाचावा आणि त्या कलमात जागेबद्दल काय म्हटलं आहे ते शोधावं. वकील लागत नाही. राज्यांचे कायदे सगळ्यांना मोफत वाचायला ठेवलेले असतात. मित्राच्या मेहुण्याला फ्लोरिडात काय झालं ह्यापेक्षा ते वाचन दहापट कामाचं.

इथे त्या दुसऱ्या सल्ल्याचा खोटा अर्धा भागही सांगायला हवा, कारण त्याच्या भरवशावर कोर्टात गेलेली माणसं तोंडघशी पडतात. पोलिसाने तुम्हाला कुठे थांबवलं ह्यावर तिकिटाचं भवितव्य ठरत नाही. तुम्ही बंद दिव्याची गाडी कुठे चालवलीत ह्यावर ठरतं. पोलीस रस्त्यावर तुमच्या मागे होता, त्याने ब्रेकलाइट लागत नाही हे पाहिलं, आणि तुम्ही लॉटमध्ये वळल्यावर त्याने तुम्हाला गाठलं, तर प्रकरण रस्त्यावरच घडून गेलेलं आहे. लॉटमध्ये फक्त कागद लिहिला गेला. अशा वेळी ‘मी खाजगी जागेत होतो’ हे म्हणणं निरुपयोगी आहे, आणि जजला ते दिवसातून अनेकदा ऐकावं लागत असावं.

खरा वाद सुरू होतो तो पोलिसाने गाडी रस्त्यावर चालताना पाहिलेलीच नसते तेव्हा. तो लॉटमधून फेरी मारतोय, उभ्या गाडीचा फुटलेला टेललाइट दिसला, काचेवर तिकीट खोचलं. किंवा गाडी ड्राइव्हवेत आहे, मालक घरात जेवतोय, आणि रस्त्यावरून जाताना पोलिसाला पुढची नंबरप्लेट दिसत नाही. तो म्हणतो, गाडी इथे उडत तर आली नाही, चालवतच आणली असणार. असणार! त्या एका ‘असणार’वर सगळं तिकीट उभं असतं. दिवा कदाचित लॉटमध्ये शेजारच्याने गाडी मागे घेताना फोडला असेल. गाडी कदाचित टो ट्रकवरून आली असेल. प्लेट दुरुस्तीसाठी काढून ठेवली असेल. आरोप सिद्ध करायची जबाबदारी सरकारची आहे, आणि आरोप ‘चालवणं’ हा असेल तर उभ्या गाडीने तो सिद्ध होत नाही. अशा तिकिटावर मालकाने शांतपणे पण ठामपणे उभं राहावं. कॅलिफोर्नियात तर कोर्टात न जाता लेखी निवेदनावर सुनावणी मागता येते. दंडाची रक्कम सहसा आधी भरावी लागते, जिंकलात की परत मिळते.

ड्राइव्हवेचा प्रश्न तर ह्याहून खोल जातो, कारण तिथे वाहतुकीचा कायदा संपून राज्यघटना सुरू होते. अमेरिकेच्या राज्यघटनेतली चौथी घटनादुरुस्ती अवाजवी झडतीपासून घराचं संरक्षण करते आणि घराला लागून असलेल्या अंगणालाही ते संरक्षण मिळतं. 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने कॉलिन्स विरुद्ध व्हर्जिनिया ह्या खटल्यात ह्याच अंगणाचा निकाल दिला. पोलिसांना हवी असलेली मोटरसायकल एका घराच्या ड्राइव्हवेच्या आतल्या, तीन बाजूंनी बंदिस्त भागात ताडपत्रीखाली होती. अधिकारी वॉरंटशिवाय चालत गेला, ताडपत्री उचलली आणि नंबर तपासला. वाहनाची झडती वॉरंटशिवाय घेता येते, असा जुना अपवाद आहे. सरकारने त्यावर भिस्त ठेवली. आठ विरुद्ध एक मताने, न्यायमूर्ती सोटोमायोर ह्यांनी लिहिलेल्या निकालात कोर्टाने सांगितलं की हा अपवाद गाडीपुरता आहे, तो अंगणात शिरण्याचा परवाना नाही. (पुढे व्हर्जिनियाच्या कोर्टाने, अधिकाऱ्याने प्रामाणिक समजुतीने तसं केलं असं म्हणून, आरोपीची शिक्षा कायमच ठेवली. तत्त्व जिंकून खटला हरता येतो, हे ध्यानात ठेवलेलं बरं.)

तीन वर्षांनी, 2021 मध्ये, लँग विरुद्ध कॅलिफोर्निया आलं, आणि त्याची सुरुवात तर आपल्या विषयाच्या अगदी लगतची. सोनोमा परगण्यात एक माणूस मोठ्याने गाणी लावून, विनाकारण हॉर्न वाजवत गाडी चालवत होता. हायवे पेट्रोलचा अधिकारी मागे लागला, पण दिवे लावून थांबायचा इशारा त्याने दिला तो घर जवळजवळ आल्यावर. गाडी गॅरेजमध्ये शिरली, दार खाली येऊ लागलं, आणि अधिकाऱ्याने त्याखाली पाय घातला. दार पुन्हा वर गेलं. आत दारूचा वास आला आणि प्रकरण वाढलं. न्यायमूर्ती केगन ह्यांनी लिहिलं की किरकोळ गुन्ह्याचा संशयित पळतोय एवढ्यावरून वॉरंटशिवाय घरात घुसण्याचा सरसकट हक्क मिळत नाही. प्रत्येक वेळी परिस्थिती तपासावी लागेल. हॉर्न आणि गाण्यांपायी पोलिसाचा पाय गॅरेजच्या दाराखाली जाऊ शकतो, हे ज्यांना कल्पनेबाहेरचं वाटतं त्यांनी हा खटला जरूर वाचावा.

ह्याचा अर्थ तुमच्या अंगणात पोलिसाने पाऊलच टाकू नये असा नाही. पोस्टमन जसा दारापर्यंत येऊन बेल वाजवतो तसा पोलीसही येऊ शकतो, आणि रस्त्यावरून जे दिसतं ते बघायला त्याला कुणाची परवानगी लागत नाही. फुटका टेललाइट रस्त्यावरून दिसत असेल तर त्याने पाहिला, यात गैर काही नाही. पण पाहणं वेगळं आणि त्यावर दंड आकारणं वेगळं. तो बेल वाजवून सांगू शकतो, काच फुटली आहे, रस्त्यावर न्यायच्या आधी बदलून घ्या. असा पोलीस मला हवा आहे, आणि असे पोलीस असतातही.

एक सावधगिरी. घराबाहेर उभ्या गाडीबद्दल येणारा प्रत्येक कागद तिकीट नसतो. बंद पडलेली, चाकं नसलेली गाडी आवारात ठेवू नये असे अनेक शहरांचे नियम असतात. ती नोटीस बहुधा शहराच्या नियम अंमलबजावणी विभागाकडून येते आणि तिथे ‘रस्ता नव्हता’ हा मुद्दा चालत नाही, कारण तो नियम आवारासाठीच आहे. वसाहतीच्या असोसिएशनने किंवा पार्किंग कंपनीने काचेवर लावलेला कागद सरकारी तिकिटासारखा दिसतो, रंगही तसाच वापरतात, पण ते फार तर करारावरून मागितलेलं बिल असतं. त्याकडे दुर्लक्ष केलं तर गाडी टो होऊ शकते, तो त्रास वेगळा. कागद हातात आला की तो कुणी दिला हे पाहावं, मग रागवावं.

आता दुरुस्तीकडे येतो, कारण माझ्या मते ह्या सगळ्याचा गाभा तिथे आहे. दिव्याच्या नियमाचा हेतू दिवा लागावा हा आहे. मग दिवा लागला की तिकिटाचं काम संपायला हवं, आणि तीन राज्यं हे कसं हाताळतात ते बघण्यासारखं आहे. कॅलिफोर्नियात कलम 40610 प्रमाणे यांत्रिक दोषासाठी कारवाई करायचीच असेल तर पोलिसाने दुरुस्तीची नोटीस द्यायची. लबाडी, सततची हयगय, तत्काळ धोका किंवा मालकाचा दुरुस्तीला नकार असेल तरच सरळ तिकीट. दुरुस्ती झाल्याची अधिकृत सही आणली की प्रकरण रद्द, पण कोर्ट प्रत्येक दोषामागे 25 डॉलर घेतं. टेक्ससमध्ये कोर्टातल्या पहिल्या तारखेआधी दोष काढला तर जज प्रकरण रद्द करू शकतो आणि 10 डॉलरपर्यंत फी लावू शकतो. न्यूयॉर्कमध्ये दिव्यांसारख्या दोषांसाठी, तिकीट मिळाल्यानंतरच्या पहिल्या पूर्ण कामाच्या दिवशी सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाच्या आत दुरुस्ती करायची आणि गॅरेजचं किंवा पोलिसाचं प्रमाणपत्र मुदतीत दाखवायचं, तिकीट बाद.

मला न्यूयॉर्कचा नियम सगळ्यांत शहाणा वाटतो, जरी मुदत कडक असली तरी. सूर्यास्ताशी जोडलेली मुदत ठरवणाऱ्याच्या डोक्यात काय होतं ते स्पष्ट दिसतं: पुढची रात्र अंधारात जाऊ नये. दंड, फी, लायसन्सवर चढणारे दंडाचे गुण, ह्यांतलं काहीही त्याच्या डोक्यात नव्हतं. कॅलिफोर्नियाचे 25 डॉलर मात्र मला खटकतात. बहुतेक गाड्यांचा ब्रेकलाइटचा बल्ब काही डॉलरमध्ये मिळतो आणि घरच्या घरी बदलता येतो. दुरुस्तीपेक्षा दुरुस्ती नोंदवायला जास्त पैसे पडत असतील तर नियमाचा तोल कुठेतरी बिघडला आहे. आणि तीन दोष दाखवले की फी तिप्पट. ज्याची गाडी जुनी त्याचे दोष जास्त, आणि जुनी गाडी कोण वापरतो हे सांगायला नको. अमेरिकेच्या केंद्रीय न्याय विभागाने 2015 च्या मार्च महिन्यात मिसूरीतल्या फर्ग्युसन शहराबद्दल अहवाल दिला तेव्हा त्यात हेच ठळक झालं होतं: पोलीस आणि नगर न्यायालय दोघंही सुरक्षिततेपेक्षा महसुलाकडे बघून चालत होते. छोट्या तिकिटांचा मोह असाच असतो. एकेक रक्कम कुणाच्या डोळ्यांत भरत नाही.

दिवा बंद असल्याचं कारण काढून गाडी थांबवणं ही पोलिसांच्या हातातली फार मोठी सोयही आहे, आणि ती सोय दिव्यासाठी वापरली जातेच असं नाही. 1996 च्या व्रेन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की वाहतुकीचा नियम खरोखर मोडला असेल तर थांबवण्यामागे पोलिसाचा खरा हेतू काय होता ह्याला महत्त्व नाही. 2014 च्या हायन खटल्यात तर गंमतच झाली. नॉर्थ कॅरोलिनात एका गाडीचा दोनांपैकी एक ब्रेकलाइट बंद होता म्हणून ती थांबवली, झडतीत अमली पदार्थ सापडले. नंतर तिथल्या कोर्टाने कायदा वाचला तर राज्यात एकच ब्रेकलाइट चालू असला तरी पुरे होतं. म्हणजे नियम मोडलाच नव्हता. तरी सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मताने म्हटलं की पोलिसाची चूक वाजवी होती, त्यामुळे थांबवणं वैध. नागरिकाने कायदा माहीत नव्हता म्हणून चालत नाही; पोलिसाचं चालून गेलं. सोटोमायोर एकट्या विरोधात होत्या आणि त्यांची बाजू मला अधिक पटते. 2001 च्या ॲटवॉटर खटल्याप्रमाणे जास्तीत जास्त 50 डॉलर दंडाच्या, सीटबेल्टच्या गुन्ह्यासाठीही अटक करता येते. ह्या सगळ्यांची बेरीज केली की बंद दिव्यापासून बेड्यांपर्यंतचा रस्ता किती सरळ आहे ते कळतं. साउथ कॅरोलिनात नॉर्थ चार्ल्सटनमध्ये 2015 साली ब्रेकलाइटवरून थांबवलेला माणूस पळू लागला आणि पोलिसाने त्याला पाठीत गोळ्या घातल्या. एवढं टोक नेहमी गाठलं जात नाही, पण कृष्णवर्णीय कुटुंबांत मुलांना गाडीचे दिवे तपासायला वेगळ्याच काळजीने शिकवतात, आणि आपण भारतीयांनी आपल्या तुलनेने सुरक्षित जागेवरून त्यांना ‘भर पैसे, विसर’ म्हणणं बरं दिसत नाही.

ह्या अनुभवातून काही ठिकाणी कायदे बदलले. व्हर्जिनियाने 2021 च्या मार्चपासून बऱ्याच किरकोळ साधन दोषांवरून गाडी थांबवणंच बंद केलं. फिलाडेल्फियाने 2021 मध्ये तसा ठराव केला आणि 2022 मध्ये तो अमलात आला. एक ब्रेकलाइट बंद असणं अशा गोष्टी तिथे एकट्याने थांबवण्याचं कारण राहिल्या नाहीत. मिनेसोटात 2017 पासून पोलीस तिकिटाऐवजी दुरुस्तीचं कुपन देऊ शकतील अशी एक योजना सुरू झाली: गॅरेजमध्ये जा, बल्ब बदलून घ्या. कुपन ही कल्पना मला ठरावांहून आवडते. तिने दिवाही लागतो.

विरोधी बाजू मला हसण्यावारी नेता येत नाही. पार्किंग लॉटमध्ये मुलं गाड्यांमधून पळतात, म्हातारी माणसं ढकलगाडी घेऊन मागून जातात. मागे घेतानाचे दिवे तिथेच सर्वांत गरजेचे. शिवाय लॉटमधली गाडी रस्त्यावरून आली आणि रस्त्यावरच जाणार. मग मोठ्या मॉलच्या लॉटला रस्ता का मानू नये? माझं उत्तर असं की मानायचं तर माना, पण ते विधिमंडळाने लिहून मानावं, पाटी लावून मानावं, आणि फक्त चालत्या गाडीपुरतं मानावं. पोलिसाने जागच्या जागी ठरवू नये. घरच्या ड्राइव्हवेबद्दल मात्र मी एवढंही मान्य करणार नाही.

आपल्याकडच्या न्यायालयांनाही हा पेच सोडवावा लागला आहे, आणि त्यांनी तो ज्या प्रकारे सोडवला ते इथे उपयोगी पडतं. ‘सार्वजनिक जागा’ म्हणजे काय, ह्यावर मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने 1988 मध्ये पांडुरंग चिमाजी आगळे प्रकरणात, जुन्या 1939 च्या कायद्याच्या विमा प्रकरणापुरतं, सांगितलं की लोकांना मुक्त किंवा नियंत्रित प्रवेश असलेली खाजगी जागाही त्यात येते. अपघातग्रस्ताला भरपाई मिळावी म्हणून व्याख्या रुंद केली. उलट 2025 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्याच्या बंदिस्त आवारात फिरणाऱ्या गाड्यांबद्दल म्हटलं की ते आवार सार्वजनिक जागा नाही, म्हणून त्या गाड्यांवर मोटार वाहन कर नाही. रस्ता वापरत नाही त्याने रस्त्याचा कर का द्यावा? दोन निकाल वरवर उलटे वाटतात, पण दोघांनी तोच प्रश्न विचारला: हा नियम कशासाठी आहे? अमेरिकेतल्या ट्रॅफिक कोर्टात दिव्याच्या तिकिटाला हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

तिकीट हातात पडलंच तर करायचं काय, हे ह्या मतातून आपोआप निघतं. पोलिसाशी जागेवर वाद घालू नये. सही मागितली तर करावी, कॅलिफोर्नियासारख्या ठिकाणी ती गुन्ह्याची कबुली नसते, हजर राहण्याचं वचन असतं, आणि नकार दिला तर ताब्यात घेतलं जाऊ शकतं. गाडी, जागा, प्रवेशावरची पाटी असली-नसली ह्याचे फोटो त्याच दिवशी काढावेत, वेळ दिसेल असे. दिवा आधी दुरुस्त करावा, लढायचं असलं तरी. दुरुस्तीची पावती कोर्टात कुणाच्या विरुद्ध गेल्याचं मी ऐकलेलं नाही. मग तिकिटावरचा जागेचा रकाना आणि कलम ताडून बघावं. पोलिसाने रस्त्यावर पाहिलं असेल तर प्रमाणपत्र देऊन मिटवावं, जागेचा मुद्दा काढू नये. गाडी उभीच होती आणि कुणी चालवताना पाहिलेलं नाही, तर मिटवण्याची सोय स्वस्त असली तरी एकदा लेखी हरकत घ्यावी असं मी म्हणेन. त्यात वेळ जातो, आणि प्रत्येकाला तो परवडत नाही, हे मला कळतं. ज्यांना परवडतो त्यांनी घ्यावी.

कोर्टाची तारीख मात्र कुणीच चुकवू नये. व्हिसावर असलेल्यांनी तर मुळीच नाही. बंद दिव्याचा दोष किरकोळ असतो, पण हजर राहण्याचं लेखी वचन मोडणं कॅलिफोर्नियात स्वतंत्र गुन्हा आहे, आणि त्या गुन्ह्याला गाडी कुठे उभी होती ह्याच्याशी काही देणंघेणं नसतं.